कारण काय असेल?

सुपरहिरोंच्या मालिका बघणारी कुठलीही दोन माणसं एकत्र बसवा. गप्पा 'सगळ्यात भारी क्रॉसओव्हर कुठला' इथून सुरू होतात आणि हमखास 'सगळ्यात फालतू व्हिलन कोण' इथे येऊन थांबतात. पहिल्या प्रश्नावर भांडणं होतात. दुसऱ्यावर मात्र सगळे खुशीत येतात. का कोण जाणे, पण जोकरबद्दल बोलताना लोक गंभीर होतात आणि अंगावरचे ठिपके फेकून मारणाऱ्या माणसाबद्दल बोलताना त्यांचे डोळे चमकतात.

माझा मावसभाऊ समीर आणि मी, आम्ही गेली कित्येक वर्षं फोनवर हेच करतो आहोत. घरच्या मंडळींना वाटतं आम्ही शेअर्सबद्दल किंवा निदान राजकारणाबद्दल बोलत असू. त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला असता, पण आजच्या लिखाणात त्यांचाही संबंध येणार आहे. तेव्हा ज्या मावश्या-काकवांना ह्यातलं ओ की ठो कळत नाही त्यांनी थोडा धीर धरावा. शेवटी गाडी घरच्याच स्टेशनावर येणार आहे.

तर आधी क्रॉसओव्हर म्हणजे काय. आपल्या मराठी वाहिन्यांवर 'महासंगम' नावाचा प्रकार असतो ना, एका मालिकेतली सून दुसऱ्या मालिकेतल्या हळदीकुंकवाला येते, तेच. फक्त इथे सुनेऐवजी उडणारी माणसं येतात. आणि कारणही तेच असतं, एका मालिकेचे प्रेक्षक दुसरीला मिळावेत. १९६७ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर 'बॅटमॅन' मालिकेच्या दोन भागांत 'ग्रीन हॉर्नेट' मालिकेतला हिरो आणि त्याचा साथीदार केटो पाहुणे म्हणून आले. केटोचं काम करत होता ब्रूस ली. हॉर्नेटला प्रेक्षक मिळावेत हा हेतू उघड होता. तो काही सफल झाला नाही, ती मालिका एकाच सीझनमध्ये आटोपली. पण त्या दोन भागांतला व्हिलन आठवण्यासारखा आहे. त्याचं नाव कर्नल गम, म्हणजे कर्नल डिंक म्हणा ना! हा गृहस्थ पोस्टाची दुर्मिळ तिकिटं बनावट छापतो, आणि हॉर्नेट आणि केटोला एका यंत्रात घालून त्यांची माणसाएवढी तिकिटं करायला निघतो. ब्रूस लीचं तिकीट! हे ज्याला सुचलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

अलीकडच्या काळातला मोठा प्रयोग म्हणजे 'ॲरो' (२०१२) आणि 'फ्लॅश' (२०१४) ह्या मालिकांपासून वाढलेलं घराणं. त्यांचा पहिला मोठा क्रॉसओव्हर २०१४ च्या डिसेंबरात झाला. मग २०१६ मध्ये 'इन्व्हेजन', २०१७ मध्ये 'क्रायसिस ऑन अर्थ-एक्स', २०१८ मध्ये 'एल्सवर्ल्ड्स', आणि शेवटी डिसेंबर २०१९ ते जानेवारी २०२० मध्ये पाच मालिकांतून पाच भागांत पसरलेला 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'. हे घराणं आता संपलं. 'फ्लॅश'चा शेवटचा भाग २०२३ च्या मे महिन्यात झाला.

आता गंमत बघा. २०१४ च्या त्या पहिल्या क्रॉसओव्हरमध्ये फ्लॅश आणि ॲरो एकमेकांशी मारामारी करतात, कारण तसं केल्याशिवाय प्रेक्षकांचे पैसे वसूल होत नाहीत. पण दोन सज्जन माणसं उगाच कशी भांडतील? त्यासाठी आणला रॉय बिव्होलो. हा रंगांच्या झोताने समोरच्याला संतापाने वेडापिसा करतो. मालिकेत तो काळ्या कोटातला जरा गंभीर माणूस आहे, पण कॉमिकमध्ये, १९८० साली, तो 'रेनबो रेडर' म्हणून आला होता. त्याचं पूर्ण नाव रॉय जी. बिव्होलो. इंग्रजी शाळेत इंद्रधनुष्याचे सात रंग लक्षात ठेवायला मुलं त्यांची आद्याक्षरं जोडून जो शब्द घोकतात, तेच हे नाव. हा इसम रंगांध आहे, त्याला चित्रकार व्हायचं होतं, ते जमेना, म्हणून तो इंद्रधनुष्यावरून घसरत येऊन चित्रं चोरतो.

हे वाचून हसू येतं की नाही? मला येतं. आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्याबद्दल थोडं वाईटही वाटतं. ह्या दोन क्षणांच्या मधल्या जागेबद्दलच मला लिहायचं आहे.

असे व्हिलन आले कुठून? विचित्र मंडळी तशी पहिल्यापासूनच होती. १९४३ ते १९४५ ह्या काळात कॅप्टन मार्व्हलच्या कॉमिकमध्ये 'मिस्टर माइंड' नावाच्या अज्ञात खलनायकाने जगभर हाहाकार माजवला होता. बराच काळ फक्त त्याचा आवाज ऐकू येई. आणि मग एके दिवशी कळतं, की हा एक चष्मा लावलेला सुरवंट आहे! गळ्यात आवाज मोठा करायचं यंत्र लटकवलेला. पण विचित्रांचं खरं पीक आलं ते पन्नाशीच्या दशकाच्या शेवटाला आणि साठीच्या दशकात, आणि त्यामागे एक नियमावली होती.

१९५४ साली फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. संसदेच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. सरकारने काही करायच्या आत प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' तयार केला. रक्तपात नको, गुन्हा कसा केला ह्याचे बारकावे नकोत, शेवटी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे. आणि ह्या यादीत एक नियम असा होता, की गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल अशा पद्धतीने गुन्हा दाखवायचा नाही.

आता तुम्ही लेखक आहात असं समजा. दर महिन्याला नवा व्हिलन पाहिजे. त्याने खून पाडायचे नाहीत, त्याची चोरी पटण्यासारखी असायची नाही, आणि त्याच्याबद्दल कुणाला वाईट वाटता कामा नये. मग उरलं काय? पोशाख आणि एखादं खूळ! म्हणून १९५८ मध्ये आला कॅलेंडर मॅन, जो ऋतूंप्रमाणे वेष बदलून गुन्हे करतो. १९६० मध्ये काइट मॅन, म्हणजे पतंगवाला. १९६२ मध्ये मिस्टर पोल्का-डॉट, ज्याच्या कपड्यांवरचे ठिपके सुटून शस्त्रं होतात. १९६६ मध्ये 'इरेझर', डोक्यावर पेन्सिलीच्या मागच्या रबरासारखं टोपडं घालून इतर गुन्हेगारांचे पुरावे पुसून देणारा. ह्यांना भूतकाळ नाही, दुःख नाही. का करतोस बाबा असं, हा प्रश्नच नाही. त्याला पतंग आवडतात, तो पतंगाने चोरी करतो. संपलं.

पुढे कोड सैल होत गेला (डीसीने तो शेवटी २०११ मध्ये सोडला) आणि वारं उलट्या दिशेने वाहायला लागलं. त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मिस्टर फ्रीझ. हा १९५९ साली 'मिस्टर झिरो' ह्या नावाने आलेला, बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक किरकोळ चोर. १९६६ च्या टीव्ही मालिकेने त्याला फ्रीझ हे नाव दिलं आणि तीन वेगवेगळ्या नटांनी ते काम केलं, पण माणूस किरकोळच राहिला. मग १९९२ मध्ये बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत पॉल डिनीने 'हार्ट ऑफ आइस' हा भाग लिहिला. फ्रीझची बायको नोरा असाध्य आजाराने मरणपंथाला लागली आहे, तिला वाचवता येईपर्यंत त्याने तिला गोठवून ठेवलं आहे, आणि कंपनीचा मालक खर्च परवडत नाही म्हणून तो प्रयोग बंद पाडतो. बावीस मिनिटांचं लहान मुलांचं कार्टून, पण बघून झाल्यावर बराच वेळ बोलवत नाही. त्याच्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला आणि पुढे कॉमिक्सनेही हीच कथा खरी मानली.

तिथून जणू एक पायंडाच पडला. २०१७ मध्ये टॉम किंगने काइट मॅनची कथा लिहिली. त्याच्या लहान मुलाला रिडलर पतंगाच्या दोऱ्याला विष लावून मारतो, आणि म्हणून हा बाप पतंगवाला होतो. २०२१ च्या 'द सुइसाइड स्क्वॉड' सिनेमात पोल्का-डॉट मॅनला एक शास्त्रज्ञ आई मिळाली, जिने मुलांना सुपरहिरो करण्याच्या वेडापायी त्यांच्यावर प्रयोग केले. आता त्याला प्रत्येक माणसात तीच दिसते. डेव्हिड डॅस्टमॅल्चियनने ते काम इतकं चांगलं केलंय की ठिपक्यांवर हसायची सोयच ठेवली नाही.

इथे समीरचं आणि माझं वाजतं. समीरचं म्हणणं असं, की ह्या मंडळींना न्याय मिळाला. पन्नास-साठ वर्षं लोकांनी त्यांची टर उडवली, आता कुठे कुणीतरी थांबून विचारलं, 'बाबा रे, तू असा का झालास?' आणि विचारणं हीच माणुसकी. तो हे इतकं मनापासून बोलतो की पटतंच. 'हार्ट ऑफ आइस' बघितलेल्या माणसाला ते नाकारता येणार नाही.

पण मग मी हिशोब मांडतो. फ्रीझला आदर मिळाला, त्याबद्दल बायको द्यावी लागली. काइट मॅनला मिळाला, मुलगा द्यावा लागला. पोल्का-डॉटला आई... म्हणजे असं दर असतात तसे ठरल्यासारखे झालेत. ज्याला कुणी दिलं-घेतलं नाही, त्याला अजून आदर नाही. १९९४ मध्ये त्याच कार्टून मालिकेने 'काँडिमेंट किंग' नावाचा केचप आणि मोहरीच्या पिचकाऱ्या मारणारा व्हिलन केला, तो आजही निव्वळ विनोद आहे, कारण त्याच्या घरात अजून कुणी मेलेलं नाही. १९५४ साली नियम होता की सहानुभूती नको. आता अलिखित नियम आहे की सहानुभूती सक्तीची, आणि ती फक्त जखम दाखवणाऱ्यालाच मिळेल. दोन्ही नियमांत एक गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नाही, की एखाद्याला पतंग नुसतेच आवडत असतील.

मावश्यांनो, आता तुमचं स्टेशन.

बापूमामा गेला २०२२ च्या नोव्हेंबरात. वाईच्या घरी तेराव्याला आम्ही सगळे जमलो होतो. जेवणं झाली, पानं उचलली, आणि मग अशा वेळी होतात तशा गप्पा सुरू झाल्या. विषय अर्थातच त्याच्या खोलीतली कॅलेंडरं. १९७३ साली पहिलं कालनिर्णय निघालं तेव्हापासून २०२२ पर्यंतची पन्नास वर्षांची पन्नास, एकही न चुकता, खुंटीला ओळीने टांगलेली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. लोक दुधाचा हिशोब लिहितात, हा दिवस लिहायचा. आम्हा भाचरांना त्याचा दुसरा गुण जास्त माहीत होता. कुठलीही तारीख सांगा, हा वार सांगायचा. त्यातली एक खूण त्याने मला आठवी-नववीत असताना शिकवली होती. चार एप्रिल, सहा जून, आठ ऑगस्ट, दहा ऑक्टोबर, बारा डिसेंबर, ह्या पाच तारखा कुठल्याही वर्षी एकाच वारी येतात. घ्या कॅलेंडर आणि बघा. एकदा त्या वर्षीचा तो वार कळला की तिथून पुढेमागे मोजत जायचं. शाळेत ह्याच्या जोरावर मी बराच भाव खाल्ला आहे.

मामाने लग्न केलं नाही. पंचायत समितीत कारकून होता, वेळेवर जायचा, वेळेवर यायचा, कॅलेंडरात लिहायचा. गावातली पोरं त्याला 'तिथी' म्हणायची हे आम्हाला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

तर त्या दिवशी प्रश्न निघाला, कारण काय असेल? थोरली मावशी म्हणाली, चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून तो तारखा धरून बसला. आमच्या आईचं म्हणणं, आजोबा गेले त्या वर्षी ह्याच्याकडून श्राद्धाची तिथी चुकली, ते त्याने मनाला लावून घेतलं. धाकटे काका म्हणाले, लहानपणी विषमज्वर डोक्यात गेला होता. समीर कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता आणि मला माहीत होतं त्याच्या डोक्यात काय चाललंय. बापूमामाचा 'हार्ट ऑफ आइस' लिहिला जात होता. तीन लेखक, तीन वेगळ्या कथा, आणि सगळ्या प्रेमापोटी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या खोलीत त्याची टिंगल कुणीच करत नव्हतं. उलट प्रत्येकजण त्याला टिंगलीपासून वाचवायला बघत होता. त्याच्याकडे काहीतरी दुःख असलं पाहिजे, म्हणजे मग त्याचं असं असणं माफ होईल.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीत जाऊन १९७४ चं कॅलेंडर काढलं. मे महिना. 'फणस बरका निघाला.' 'गुरव आला, पैसे परत केले.' 'उकाडा.' 'नदीवर गेलो.' 'आज काही नाही. बरं वाटलं.' एकतीस चौकोन, आणि लग्नाचा उल्लेख नाही. आता लिहिलं नाही म्हणून घडलं नाही असं मुळीच म्हणता येत नाही. माणसं सगळ्यात मोठं दुःखच लिहीत नाहीत, हेही खरं. मावशी म्हणते ते खरं असू शकेल. पण मी नंतर इतर वर्षंही चाळली, आणि एक गोष्ट लक्षात आली. ह्या माणसाला दिवस आवडायचे. नुसते, एकामागून एक येणारे. पहिला पाऊस पडला की त्या चौकोनात एक छोटी छत्री काढलेली. अधिक महिना आला की 'ह्या वर्षी जादा!' असं लिहिलेलं, जसं काही दुकानदाराने वर चार लाडू जास्त टाकले.

मी लहान असताना त्याला विचारलंही होतं, मामा, हे सगळं कशाला लिहितोस? तो म्हणाला होता, "अरे, आलेला माणूस आपण बसा म्हणतो की नाही? तसं." तेव्हा मला ते उत्तरच वाटलं नव्हतं. आता वाटतं की ते पूर्ण उत्तर होतं, आणि त्याच्यामागे दुसरं शोधायची गरज नव्हती.

कॅलेंडर मॅनचं बिचाऱ्याचं कॉमिक्समध्ये काय झालं ते बघा. त्याचं नाव ज्युलियन ग्रेगरी डे, म्हणजे ज्युलियन कॅलेंडर, ग्रेगोरियन कॅलेंडर आणि दिवस. १९५८ ला ऋतूंचे पोशाख घालणारा हा गमत्या माणूस १९९६-९७ च्या 'द लाँग हॅलोवीन'मध्ये कोठडीत बसून कोड्यात बोलणारा भयंकर कैदी झाला. २०११ च्या 'आर्कहॅम सिटी' ह्या व्हिडिओ गेममध्ये तुम्ही खऱ्या आयुष्यातल्या बारा सणांच्या दिवशी गेम सुरू केलात, तर तो कोठडीतून दर वेळी एका खुनाची गोष्ट सांगतो. कल्पना फारच हुशार आहे, मी स्वतः त्यासाठी एक-दोन सणांच्या दिवशी पाहुणे टाळलेत :) पण बारा सण लक्षात ठेवणाऱ्या माणसाकडे बाराही दिवशी सांगायला फक्त खूनच? एखाद्या दिवशी फणस नाही निघाला?

समीरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अरे, पण तुझ्या म्हणण्याप्रमाणे गेलो तर गोष्टच होणार नाही. फणसावर कोण सिनेमा काढणार?" मुद्दा बिनतोड होता. गोष्टीला कारण लागतं. पण त्यालाही एक उत्तर सापडलं आहे, आणि ते त्याच काइट मॅनकडून. २०१९ पासून सुरू झालेल्या 'हार्ली क्विन' ह्या कार्टून मालिकेतला काइट मॅन हा एक साधा, जरा बावळट, मनाने चांगला माणूस आहे. पतंग त्याला आवडतात आणि त्याला त्याची लाज वाटत नाही. लोकांना तो इतका आवडला की २०२४ मध्ये त्याची स्वतंत्र मालिका आली, आणि त्यात तो काय करतो, तर व्हिलन लोकांसाठी बार चालवतो. गिऱ्हाइकं सांभाळतो. म्हणजे 'फणसावर' मालिका निघाली की नाही? समीर अजून मान्य करत नाही. तो म्हणतो ती विनोदी आहे म्हणून चालली. चालू दे.

आणि आता पुन्हा क्रॉसओव्हरकडे येतो, कारण मला वाटतं आम्ही दोघंही ते वेड्यासारखे का बघतो ह्याचं उत्तर इथेच आहे.

१९६१ साली फ्लॅशच्या १२३ व्या अंकात गार्डनर फॉक्स ह्या लेखकापुढे एक अडचण होती. चाळीसच्या दशकातला जुना फ्लॅश, जे गॅरिक, आणि नवा फ्लॅश, बॅरी ॲलन, ह्यांच्यातला खरा कोण? त्याने उत्तर दिलं, दोघंही. जुना एका पृथ्वीवर राहतो, नवा दुसऱ्या. किती साधं आणि किती उदार! कुणालाही खोटं पाडायला नको. पुढे ह्या पृथ्व्या इतक्या वाढल्या की गोंधळ झाला, म्हणून १९८५-८६ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ ह्यांनी बारा अंकांच्या 'क्रायसिस'मध्ये सगळ्या मोडून एकच पृथ्वी ठेवली. टीव्हीवरचा २०१९ चा क्रॉसओव्हर त्यावरूनच बेतला होता.

त्याची कथा खरं सांगायचं तर बरीच विस्कळीत आहे. पण त्यात एक प्रसंग आहे. १९६६ च्या मालिकेत रॉबिन झालेला बर्ट वॉर्ड काही सेकंद दिसतो. म्हातारा झालाय, रॉबिनच्या रंगांचा स्वेटर घालून कुत्र्याला फिरवतोय, आभाळ लाल होतं आणि तो आपल्या जुन्या पद्धतीने उद्गार काढतो. बस्स. तो असा का, हे कुणी सांगत नाही. बॅटमॅनच्या गंभीर सिनेमांनी ज्या मालिकेला विसरून जायचा प्रयत्न केला, तिचीही एक पृथ्वी होती आणि ती इतरांइतकीच खरी होती, एवढंच. तसंच १९९० च्या जुन्या 'फ्लॅश' मालिकेतला जॉन वेस्ली शिप. त्याची मालिका एका सीझनमध्ये बंद पडली होती. जवळजवळ तीस वर्षांनी त्याच लाल पोशाखात तो येतो आणि सगळ्यांसाठी धावत मरतो. मधल्या वर्षांत काय झालं ह्याचा हिशोब कुणी मागत नाही. आलात ना? बसा.

बापूमामा म्हणायचा तेच.

एक शेवटचं, आणि मग थांबतो. त्या १९८५-८६ च्या 'क्रायसिस'मध्ये सगळ्या पृथ्व्या पुसल्या गेल्यावर त्या कधी होत्या हे बहुतेक कुणाच्याच लक्षात राहत नाही. शेवटच्या पानावर वेड्यांच्या इस्पितळात हातपाय बांधलेला एक व्हिलन आहे, सायको पायरेट. लोकांच्या भावनांशी खेळणारा, सोनेरी मुखवटा घालणारा, दुय्यम दर्जाचा माणूस. त्याला मात्र सगळं आठवतंय. १९९० मध्ये ग्रँट मॉरिसनने 'ॲनिमल मॅन'मध्ये ह्याच सायको पायरेटकडून पुसल्या गेलेल्या, विसरलेल्या पात्रांना परत बाहेर काढलं. म्हणजे ज्यांची कथेत गरज उरली नव्हती त्यांना कुणी जपलं, तर एका विचित्र माणसाने. १९७६ च्या एका मंगळवारी कुणाच्या घरी मांजर व्यालं हे आज जगात फक्त एका ठिकाणी लिहिलेलं आहे, तसंच हे.

असो. वाईचं घर रिकामं करायचं ठरलंय आणि कॅलेंडरं रद्दीत द्यायची की काय असा विषय चाललाय हे मला कळलं. आई, मावशी, काका, कृपा करून देऊ नका. माझ्याकडे जागा आहे. तुमच्यापैकी ज्याला जी कथा खरी वाटते ती त्याने खुशाल धरावी, एकेकाला एकेक पृथ्वी, मी कुणाची पुसणार नाही. समीरशी बोलून झालंय, तो गाडी घेऊन येणार आहे. तो म्हणतो सगळी वाचून काढल्यावर कारण सापडेल. बघू.

मी मात्र एक हिशोब करून ठेवलाय. १ जानेवारी १९७३ ला सोमवार होता. १ जानेवारी २०२९ लाही सोमवारच येतोय, आणि दोन्ही वर्षं साधी, लीप नाहीत. म्हणजे मामाचं पहिलं कॅलेंडर त्या वर्षी तारीख-वारासह जसंच्या तसं चालेल. तिथ्या चुकतील, संकष्टी भलत्याच दिवशी येईल, आणि त्यावरून आई बोलणारच आहे. तरी मी ते भिंतीवर लावणार आहे.

का, ते विचारू नका.